गोबर गॅसच्या नंदनवनात

इंदूरहून परत आल्यावर मिरजेतल्या आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. राजवाडा पाहिला का, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत काय काय खाल्लं? मी दोन्हीकडे फिरकलेसुद्धा नाही असं सांगितल्यावर त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मग एवढं लांबचं तिकीट काढून ही बाई गेली तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. मी कुठे गेले होते ते तिथल्या रहिवाशांनासुद्धा अजून नीट सांगता येत नाही. पण मी भूगोल शिकवते, तेव्हा प्रयत्न करून पाहते.

माझी थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन इंदूरला गेली आणि इंदूरचीच झाली. भाऊजी तिथल्या एका कापडगिरणीच्या साळखात्यात जॉबर होते. म्हणजे अडलेला माग चालता करणारा माणूस. बडा गणपतीजवळ भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि पत्ता म्हणून 'बडा गणपतीच्या मागे' एवढं लिहिलं तरी माझी पत्रं पोचायची. पुढे तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तशी भाऊजींचीही पडली. हाती आलं त्यातून त्यांनी शहराबाहेर राऊच्या रस्त्याला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. वस्तीचं नाव 'श्री नंदनवन गार्डन सिटी'. हे नाव वाचून मी नाताळच्या सुट्टीत जाताना दोन ठेवणीतल्या साड्या आणि एक जाळीची हॅट घेतली. साड्या तरी उपयोगी पडल्या.

जायचं कारण गंभीर होतं. माझी भाची वृंदा हिला पाहायला मानपूरहून मंडळी येणार होती. मुलगा अविनाश, आग्रा-मुंबई रस्त्यावर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. वृंदा बी. कॉम., शहरात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी, दिसायला चारचौघींत उठून. तरी आधीची दोन स्थळं नुसत्या पत्त्यावरून मोडली होती. 'ही जागा आहे कुठे?' या प्रश्नाला ताई उत्तर देऊ लागली की समोरच्यांना वाटायचं, काहीतरी लपवतायत. ताईनं लिहिलं होतं, 'तू ये. तू भूगोलाची बाई आहेस, तुझ्या सांगण्यावर विश्वास बसेल.'

राऊचा टेम्पो

इंदुरात लांब नाकाचे काळे टेम्पो धावतात. त्यांत माणसं बसवत नाहीत, रचतात. मी टेम्पोवाल्याला विचारलं, "भैया, नंदनवन गार्डन सिटी जाएगा क्या?"

तो विचारात पडला. "मैडमजी, वो तो कोई होटल होगी."

"होटल नी, शादी का हॉल है," मागून कुणीतरी म्हणालं.

"बैठ जाओ," टेम्पोवाला म्हणाला, "रस्ते में दिख गई तो उतार देंगे."

दिसली नाही. वाटेत एका ठिकाणी त्याच्या जोडीदारानं पत्रा बडवला आणि ओरडला, "चलो, गोबर गैस वाले! आगे आ जाओ भिया!" तशी चांगल्या कपड्यांतली माणसं उतरली. सफारी घातलेले एक आजोबा, पर्स सावरणाऱ्या एक बाई आणि हातात फाइल घेतलेली एक तरतरीत मुलगी. मला त्यांची कणव आली. इतकी शिकलेली दिसणारी माणसं आणि पोटासाठी शेणात काम करतात! त्यातली फाइलवाली मुलगी माझी सख्खी भाची होती, हे मला संध्याकाळी कळलं. शेवटची पाहिली तेव्हा ती दोन वेण्या घालत होती.

मी राऊपर्यंत गेले. तिथे चहा घेतला, कॉलेजच्या मुलांची गर्दी पाहिली, आणि त्याच टेम्पोत बसून उलट आले. आता टेम्पोवाल्यालाही हुरूप आला होता.

"मैडमजी, आपको जाना किसके यां है?"

मी भाऊजींचं नाव सांगितलं. मिलमध्ये होते, असंही सांगितलं.

"वो दादा, जो पानी का फिल्टर बेचते हैं?" त्यानं कचकन ब्रेक दाबला. "तो सीधे गोबर गैस बोलो ना! इत्ता घुमाया हमको!"

स्टॉपवर भाऊजी खांद्याला रेक्झिनची बॅग लावून उभे होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी पाण्याच्या फिल्टरची एजन्सी घेतली होती. बॅगेत नमुन्याचा एक फिल्टर. ज्या वस्तीत ते तो विकत होते तिथे नळच नव्हते. आठवड्यातून कधीतरी टँकर येई, आणि त्याच्यामागे बादल्या घेऊन धावणाऱ्या माणसाला 'पाणी शुद्ध आहे का' असं विचारायचं धाडस भाऊजींना होत नसे.

चतुःसीमा

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. तिथे शेव आणि जिरावण नावाचा तिखट-आंबट मसाला पडतो, आणि त्याच बशीत जिलबी येऊन बसते. गोड आधी की तिखट आधी हे मी विचारलं, तर ताई म्हणाली, "एक साथ खा गं, इतकं सोचत नको बसू."

मग कॉलनीचे अध्यक्ष निकमकाका मला 'टेरेन' दाखवायला आले. हेच ते टेम्पोतले सफारीवाले आजोबा. त्यांचे आजोबा पलटणीबरोबर महूला आले, ते स्वतः महूच्या लष्करी भांडारातून निवृत्त झाले, आणि अजूनही चालताना त्यांच्या मागे एखादी तुकडी आहे असं वाटतं.

"ताईसाहेब," काठीनं दिशा दाखवत ते म्हणाले, "उत्तरेला तो दगड दिसतो? तिथे इंदूर संपतं. दक्षिणेला ती बाभळ दिसते? तिथून गाव सुरू होतं. आपण मधे."

"म्हणजे महापालिकेत की पंचायतीत?"

"महापालिका म्हणते पंचायतीत. पंचायत म्हणते महापालिकेत. आपण भारतात आहोत इथपर्यंत पक्कं आहे. त्याच्या आत कुठे, ते अजून ठरायचं आहे."

बाकी भूगोल असा. पूर्वेला हायवे. पश्चिमेला नाला. मधे एक कच्चा रस्ता, त्याला सगळे 'मेन रोड' म्हणतात, कारण दुसरा नाही. ज्यानं प्लॉट विकले त्यानं नकाशात एक बाग आणि एक पोहण्याचा तलाव दाखवला होता. बागेच्या जागी रामेश्वरजींच्या म्हशी बांधलेल्या असतात. तलाव म्हणजे मुरूम काढून झालेला खड्डा. त्यात पाणी साठलंच तर त्यात पोहतातही त्याच म्हशी. रामेश्वरजी गिरणीच्या बॉयलरवर होते. आग आणि वाफ यांची सवय सुटेना, म्हणून त्यांनी शेणाचा गॅस प्लँट बसवला, ताईसकट शेजारच्या घरांच्या शेगड्यांपर्यंत नळी टाकली, आणि त्या सिमेंटच्या घुमटानं संपूर्ण वस्तीला आपलं नाव दिलं.

सगळ्यात प्रेक्षणीय स्थळ म्हणजे स्वागतद्वार. दोन सिंह, मोठी कमान, वर रंगीत अक्षरांत 'श्री नंदनवन गार्डन सिटी, आपका हार्दिक स्वागत है'. फक्त ते हायवेकडे नाही, नाल्याकडे तोंड करून आहे. तिकडून नवा रस्ता येणार, असं विकणाऱ्याच्या मनात होतं म्हणे. रस्ता आला नाही. आता कमानीच्या पुढे दुसऱ्याचं गव्हाचं शेत आहे, आणि दोन्ही सिंह त्या गव्हाची राखण करतात.

लोकसंख्येबद्दल बोलायचं तर वस्ती बंद गिरण्यांतल्या कामगारांची, आणि गिरणीतल्या खात्यांनुसार वसलेली आहे. साळखात्याची घरं एका ओळीत, सूतखात्याची त्यांच्या पाठीमागे, आणि दोघांचं जुनं वैर इथेही चालू. मराठी, माळवी, हिंदी एकाच वाक्यात नांदतात. पाणी नाही, गटार नाही, रस्त्यावर दिवा नाही, पण केबल टीव्ही मात्र आला आहे. केबलवाल्यानं हद्द विचारली नाही, सरळ तार टाकली. त्यामुळे बादली घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बायका परदेशातल्या हवामानाबद्दल बोलत असतात.

बाण

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी खरा पेच उभा राहिला. मी टेम्पोचा अनुभव सांगून म्हटलं, "ताई, त्यांना सरळ निरोप दे की गोबर गॅसला उतरा."

ताई उखडली. "माझ्या मुलीचं सासर ठरून राहिलंय आणि मी शेणाचा पत्ता देऊ? त्यांना मी नंदनवन लिहिलंय. मेहमानांसमोर कुणी गोबरचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवते!"

वृंदा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मावशी, पहिल्या स्थळाला आईनं 'राऊजवळ' सांगितलं, ते राऊभर फिरून परत गेले. दुसऱ्यांना 'इंदुरातच' सांगितलं, तर त्यांनी पूछलं, मग नळ का नाही? हा मुलगा मला ऑफिसात भेटून गेलाय एकदा. चांगला आहे." आणि भाजीत एकदम फार लक्ष घातलं.

तेव्हा हे प्रकरण नुसतं पाहण्याचं नव्हतं. मुलीच्या मनात बसलेलं होतं.

निकमकाकांनी तातडीची सभा बोलावली. हायवेवर पाटी लावायची ठरली. पत्रा आला, खांब आला, रंगाचा डबा आला. मग पाटीवर लिहायचं काय, यावर चर्चा सुरू झाली. साळखात्यानं 'नंदनवन' म्हटलं, तर सूतखातं म्हणालं की ज्यानं फसवलं त्याचं दिलेलं नाव आम्ही लावणार नाही. 'मिल नगर' सुचलं, तर कुठल्या मिलचं यावर पुन्हा फाटाफूट. रामेश्वरजींनी नम्रपणे आपल्या दिवंगत आईचं नाव सुचवलं. अंधार पडू लागला. शेवटी निकमकाका कंटाळून म्हणाले, "ज्यावर कुणाचीच हरकत नाही ते रंगवा."

हरकत फक्त बाणावर नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवर एक सुंदर पिवळा पत्रा उभा राहिला, आणि त्यावर लाल रंगात एक मोठा बाण होता. दुसरं काहीच नाही. बाण मेन रोडकडे दाखवत होता. निकमकाका हार घेऊन त्याच्याखाली उभे राहणार होते, पण पाहुणे जेवणाच्या सुमारास येणार म्हणून ते दाढी करायला घरी गेले. तेवढ्यात रामेश्वरजींची म्हैस तिथे आली.

कमानीतून

ताईनं बाफले केले होते. कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. आमच्या पुरणपोळीनंतर माणूस झोपतो. बाफल्यांनंतर त्याला उचलावं लागतं. तूप थिजायला लागलं, तरी पाहुणे येईनात. वृंदा रेशमी साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती आणि दर थोड्या वेळानं खिडकीशी येत होती. ताईचा चेहरा उतरत चालला.

"परत गेले असतील," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा."

भाऊजी उठले. चपला घालून निघाले. मी त्यांच्यामागे निघाले. हायवेवर जाऊन पाहतो तो बाण आपला मेन रोड सोडून, त्याच बाजूच्या पुढच्या गाडीवाटेकडे बोट दाखवत उभा. खांबाला काळे केस चिकटलेले. म्हशीनं मनसोक्त अंग घासून घेतलं होतं.

"ही वाट कुठे जाते?" मी विचारलं.

"नाल्याला वळसा घालून..." भाऊजी थांबले. "गेटसमोर."

त्याच क्षणी त्या दिशेनं हॉर्न ऐकू आला. लांब, रडवेला, पाण्यात गुदमरल्यासारखा.

आम्ही वस्तीतून धावत कमानीपाशी पोचलो. गव्हाला कालच पाणी सोडलेलं होतं. त्या काळ्या चिखलात, दोन सिंहांच्या थेट समोर, एक जीप चाकं बुडेपर्यंत रुतली होती. जीपमध्ये भरजरी साडीतल्या एक बाई मांडीवर नारळ घेऊन ताठ बसल्या होत्या. त्या मुलाची आई. बाहेर जाडसर गृहस्थ, मुलाचे मामा, धोतर उचलून धरून दिशा हरवल्यासारखे गोल फिरत होते. आणि मागून जीप ढकलत होता तो अविनाश. त्याच्या एका पायात बूट होता. दुसरा बूट माळव्याच्या मातीनं ठेवून घेतला होता.

"बाणानं सांगितलं म्हणून आलो!" मामा लांबूनच ओरडले. "वर स्वागत लिहिलंय! हे स्वागत आहे?"

बातमी वस्तीभर झाली. साळखातं आलं, सूतखातं आलं, केबल अर्धी सोडून बायका आल्या. निकमकाका, दाढी करताना पाणी संपल्यामुळे, अर्ध्या गालावर वाळलेला साबण घेऊन आले. रामेश्वरजींनी गुन्हेगार म्हैस आणि तिची बहीण दोरासकट हजर केली. "बेनजी, चिंता मत करो," ते जीपमधल्या बाईंना म्हणाले, "म्हारी भैंस ने फँसाया, म्हारी भैंस निकालेगी."

आणि वृंदाही आली. रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, घरातली तरटं दोन्ही हातांत घेऊन. ताई मागून "अगं, अगं!" करत होती. वृंदानं तरटं चाकांपुढे टाकली. जीपमधल्या बाईंनी तिला वस्तीतली कुणी मुलगी समजून विचारलं, "बाळ, केव्हापासून आम्ही नंदनवन शोधतोय. या जागेचं खरं नाव काय गं?"

ताईनं माझा हात घट्ट धरला.

वृंदानं एकदा वरच्या कमानीकडे पाहिलं, एकदा चिखलातल्या अविनाशकडे. "गोबर गॅस," ती म्हणाली.

ताईनं डोळे मिटले.

"गोबर गैस?" बाई एकदम पुढे सरकल्या. "अगं बाई! अविनाश, ऐकलंस? ज्याला विचारावं तो म्हणत होता गोबर गैस के आगे, गोबर गैस के पहले! तिथेच उतरलो असतो तर दोन तास वाचले असते! कुणी शहाण्यानं आम्हाला नंदनवन लिहून दिलं?"

ताईनं माझा हात सोडला आणि ती बाफल्यांची काळजी असल्यासारखी घराकडे पाहू लागली.

मग एकच गलका झाला. पुढे म्हशी, मागे दोन्ही खाती खांद्याला खांदा लावून, आणि भाऊजी सगळ्यात खाली, मागच्या चाकाजवळ. "हां... जोर लगा के!" त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं मला माहीत नव्हतं. मागांच्या खडखडाटावरून ओरडायची सवय असलेला आवाज तो. जीप हलली, थबकली, आणि एकदम सुटली. सुटताना मागची सगळी फळी तोंडावर आपटली. मामा मदत करत नव्हते, पण शेजारी उभे असल्यामुळे तेही आपटले.

अशा रीतीनं पाहुणे कमानीतून आत आले. कमान बांधल्यापासून तिच्याखालून गेलेली ती पहिली माणसं, असं निकमकाका म्हणाले आणि त्यांनी ओल्या चिखलावरच हार घातले.

घरात

हातपाय धुऊन झाले. टँकरचं जपलेलं बहुतेक पाणी त्यात गेलं. मुलाच्या आई बैठकीत टेकल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.

"हे बाफले गोबर गॅसवर?" त्यांनी शेगडीची ज्योत वाकून पाहिली. "वास नाही येत? आमचा सिलिंडर संपला की पुढचा येईपर्यंत मी रॉकेलवर मरते. अन्नाला पण नाही येत?" ताईनं बाफला मोडून, तूप ओतून, डाळीसकट त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्या खाल्ला. मग दुसरा मागितला. मुलीला एकही प्रश्न विचारायच्या आधी त्या रामेश्वरजींकडे जाऊन तो घुमट बघून आल्या.

मामा मात्र नाराज होते. भाऊजींचा सदरा आणि लेंगा घालून ते खुर्चीत बसले होते, आणि लेंगा त्यांना पोटावर होत नव्हता. "सगळं ठीक," ते म्हणाले, "पण ही जागा ना महापालिकेत, ना पंचायतीत. उद्या लोक विचारतील, सून कुठली आणली? काय सांगायचं?"

निकमकाकांनी काठी उचलून उत्तरेकडे धरली, मग दक्षिणेकडे. आधीची दोन स्थळं याच ठिकाणी बुडाली होती. ताई माझ्याकडे पाहू लागली. मी भूगोलाची बाई. मला अक्षांश-रेखांशांखेरीज काही आठवेना.

वृंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं कप मामांच्या पुढे ठेवला.

"मामाजी, मी राहायला मानपुरातच येणार ना? मग टेंशन कसलं? लोकांना सांगा, सून मानपूरची आहे."

अविनाश हसला. आधी हळूच, मग आवरेना. आई हसल्या. मामांनी कप उचलला आणि गंभीरपणे म्हणाले, "मुलगी तडफदार आहे." मग लेंग्याची नाडी सावरत त्यांना हसावंच लागलं.

त्या बाईंनी चिखल पुसून तो नारळ वृंदाच्या ओटीत घातला. ताई रडायला लागली तर त्या म्हणाल्या, "रडताय काय? ते बाफले कसे करायचे ते सांगा आधी."

पाहुण्यांची जीप मेन रोडनं, बाणाकडे कुणीही न पाहता, हायवेला लागली तेव्हा उन्हं उतरत होती. माळव्यातली थंडी संध्याकाळी एकदम अंगावर येते. ताईनं उरलंसुरलं पाणी एका पातेल्यात तापवलं आणि बाहेर आणून ठेवलं. भाऊजी ओट्यावर बसले होते. पाहुणे असेपर्यंत त्यांनी फक्त हात आणि तोंड धुतलं होतं. पँट कमरेपर्यंत चिखलानं कडक झालेली, कोपर खरचटलेलं.

"अहो, उठा ना. पाणी गार होतंय."

"होऊ दे," भाऊजी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटसुलट पाहिले. "मिल बंद झाल्यापासून आज पहिल्यांदा अंग दुखतंय, सुमन. थोडा वेळ दुखू दे."

ताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदर अंगाभोवती घेऊन त्यांच्या शेजारी बसली.